खंडेनवमीचा हार आणि ऑइलची पट्टी

खंडेनवमीच्या सकाळी आपल्या कोणत्याही शहरातील गृहसंकुलात एक प्रसन्न दृश्य दिसते. मोटारी, दुचाकी धुऊनपुसून उभ्या असतात. पुढे झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि बाजूला फोडलेल्या नारळाचे पाणी. जे यंत्र वर्षभर आपला भार वाहते, त्याच्यापुढे एक दिवस तरी नम्र व्हावे, ही आपली सुंदर परंपरा आहे. तिचे मोल मी जाणतो.

गेल्या वर्षी त्याच सकाळी एका शेजाऱ्यांना मी सहज विचारले, "इंजिनाचे ऑइल शेवटचे कधी पाहिलेत?" ते हसून म्हणाले, "ते सर्व्हिसिंगवाले पाहतात." सर्व्हिसिंग केव्हा केले होते, ते मात्र त्यांना आठवेना. शेवटी बॉनेट उघडले. ऑइलची पट्टी बाहेर काढली, तर तिच्या टोकाला जेमतेम एक काळा ठिपका लागला होता. बाहेर ताज्या फुलांचा हार आणि आत घशाला कोरड! त्या गृहस्थांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मीही त्यांच्यापेक्षा शहाणा नव्हतो.

तहानेने बसलेली गाडी

माझ्याकडे २००३ सालची मारुती ८०० आहे. तीन सिलिंडरांची, ७९६ सीसीची, साधीसुधी गाडी. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या या गाडीने भारतीय मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांना चारचाकीत बसवले. कला शाखेची पदवी आणि वृत्तपत्राची नोकरी एवढ्या शिदोरीवर यंत्राशी माझा संबंध किल्ली फिरवण्यापुरताच होता.

२०१२ च्या मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटाच्या चढावर गाडी तापली. काटा वर गेलेला मी पाहिला. पण 'घर जवळ आले आहे' या नेहमीच्या आळसाने तसाच पुढे रेटत राहिलो. शेवटी वाफेचा लोट उठला आणि गाडी बंद पडली. एका टेम्पोला दोराने बांधून ती कशीबशी घरी आणली. वातानुकूलित स्वागतकक्ष असलेल्या एका मोठ्या कार्यशाळेत तिला नेले, तेव्हा तिथल्या तरुणाने संगणकावर आकडे मांडून सांगितले, "खर्च गाडीच्या किमतीएवढा येईल. विकून टाका."

विकण्याच्या तयारीनेच मी उद्यमनगरातील एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडले, रेडिएटरला जाणारा रबरी पाइप दोन बोटांनी दाबला. पाइप खडूसारखा कडक होऊन मधोमध चिरला होता. मेस्त्री म्हणाले, "साहेब, गाडी म्हातारी झाली म्हणून बसली नाही. तहानेनं बसली." पाइप शे-दीडशे रुपयांचा होता. तो वेळीच न बदलल्यामुळे पाणी गेले, पाणी गेल्यामुळे इंजिनाचे हेड तापून वाकले आणि पॅकिंग जळाले. शेजारच्याच कारखान्यात हेड घासून सपाट केले, नवे पॅकिंग बसवले आणि चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली. तेव्हा ती ९२ हजार किलोमीटर धावली होती. आज आकडा २ लाख १४ हजारांवर आहे.

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. ज्याला आपण गाडीचे वार्धक्य म्हणतो, ते पुष्कळदा मालकाचे दुर्लक्ष असते. यंत्र एकाएकी मरत नाही. ते आधी आवाज करते, थेंब गाळते, वास देते, काटा वर नेऊन दाखवते. त्याचे ऐकणारा कान मात्र घरात असावा लागतो.

दहा मिनिटांचा नेम

त्या मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये मी वर्षभर रविवारी जाऊन उभा राहिलो. प्रथम केवळ पाने हातात देण्याचे काम मिळाले. हळूहळू जे उमगले, ते कोणत्याही घरातील सुजाण माणसाला जमण्याजोगे आहे.

आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागेवर उभी करावी. पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. कूलंटची पातळी पाहावी, पण तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि उसळून चेहरा भाजते. ब्रेक ऑइलची बाटली पाहावी. ते ऑइल वरचेवर कमी होत असेल, तर एक तर ब्रेक झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. मग खाली वाकून जमीन पाहावी. तपकिरी वा काळा डाग म्हणजे ऑइल, हिरवा किंवा गुलाबी म्हणजे कूलंट. एसी चालवल्यावर पडलेले स्वच्छ पाणी मात्र निरुपद्रवी असते. चाकांतील हवा टायर थंड असतानाच तपासावी. टायरच्या कडेवरील चार अंकी आकडा त्याची जन्मतारीख सांगतो: २३१९ असेल, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. वरची नक्षी शाबूत असली, तरी जुने रबर आतून तडकत जाते. या साऱ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

वर्षातून एकदा इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलावा, हवेचा फिल्टर झटकावा किंवा बदलावा, स्पार्क प्लग काढून पाहावेत. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल, तर इंजिनाचे पचन ठीक आहे. काजळी साचली असेल, तर पेट्रोल नीट जळत नाही. ओलसर आणि तेलकट असेल, तर ऑइल आत झिरपते आहे. वैद्याने जीभ पाहावी, तसाच हा प्रकार आहे. तो न करता सुटे भाग बदलत सुटणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑइलात वाफ धरते आणि ऐन वळणावर पेडल मऊ पडते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलणे यात काटकसरीचा प्रश्न नाही. कुटुंबाच्या प्राणांचा आहे.

आपल्याकडील पावसाळा हा जुन्या गाडीचा खरा शत्रू. गंज चढतो तो बहुधा आपल्या नजरेआड. दरवाजांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली की दरवाजा आतून कुजू लागतो. मृगापूर्वी ती तारेने मोकळी करावीत; पाऊस सरल्यावर चाकांच्या कमानींत साचलेला लाल चिखल पाण्याच्या जोराने धुऊन काढावा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर उंदीर वायरी कुरतडतात, हेही ध्यानात असावे.

यात अलीकडे एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात पोहोचले. परकीय तेलावरील अवलंबन कमी व्हावे आणि आपल्या ऊस-मका उत्पादकाच्या हाती पैसा यावा, हा त्यामागील हेतू स्वागतार्ह आहे. तथापि, काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि पॅकिंग बदलावे लागू शकते, असे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितले. तेव्हा जुन्या गाडीच्या मालकाने पेट्रोलचे पाइप वरचेवर हाताने चाचपावेत आणि पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठावे. ध्येय राष्ट्राचे असो वा घराचे, त्याची किंमत सावधपणाने मोजायची असते.

हात कोठे थांबवावा

स्वतः करणे याचा अर्थ सारेच स्वतः करणे असा नव्हे. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, एअरबॅग आणि सीएनजीची जोडणी ही कामे जाणत्याच्याच हाती सोपवावीत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम घोडी लावलीच पाहिजे. टायमिंग बेल्ट पुस्तकात दिलेल्या अंतराला तज्ज्ञाकडून बदलून घ्यावा. काही इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळा खेळ आटोपतो. काढलेले जुने ऑइल गटारात ओतणे हे तर पाप आहे. ते डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

तरीही मालकाला माहिती असल्याने फरक पडतो. गॅरेजमध्ये जाऊन "काहीतरी आवाज येतो" असे सांगणारा आणि "डावीकडे वळताना पुढच्या चाकातून टकटक येते" असे सांगणारा, या दोघांच्या बिलांत अंतर असते. प्रामाणिक कारागिरालाही असा गिऱ्हाईक आवडतो. माझ्या वहीत तारीख, किलोमीटर, बदललेला भाग आणि खर्च यांच्या नोंदी आहेत. ती वही म्हणजे गाडीचे आरोग्यपत्रकच.

वय की स्थिती?

आता धोरणाविषयी. जुन्या गाड्या अधिक धूर सोडतात, हा आक्षेप खोटा नाही. २००० सालानंतर भारत स्टेजची मानके टप्प्याटप्प्याने कडक होत गेली आणि १ एप्रिल २०२० पासून स्टेज-६ लागू झाले. माझी गाडी त्या मानकाची बरोबरी करूच शकत नाही. म्हणूनच तिची धूर-तपासणी दर सहा महिन्यांनी होते आणि ती व्हायलाच हवी. जी गाडी दुरुस्त करूनही तपासणीत उतरत नाही, तिला मोडीत काढणेच उचित.

प्रश्न आहे तो निकषाचा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेथे निगुतीने राखलेली गाडी आणि काळा धूर ओकणारी गाडी एकाच पंक्तीत बसल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण स्टेज-४ व त्यापुढील गाड्यांपुरते ठेवले. म्हणजे विचार वयाकडून मानकाकडे एक पाऊल सरकला. पुढचे पाऊल प्रत्यक्ष स्थितीकडे पडावे. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाचा गाभाही खासगी वाहनांच्या बाबतीत यांत्रिक चाचणी हाच आहे. मग १५ वर्षांनंतरच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,००० करताना, चाचणीत उत्तम ठरणाऱ्या गाडीला काही सवलत का असू नये? निवृत्त शिक्षकाने जपलेली, महिन्याला २०० किलोमीटर धावणारी गाडी ही चैन नसते. तो त्याचा दवाखान्याचा रस्ता असतो.

उत्पादकांचेही उत्तरदायित्व आहे. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे ते प्रकरण वरच्या पायऱ्या चढत राहिले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, हे चांगलेच झाले. परंतु दुरुस्ती करू इच्छिणारा समाजच उरला नाही, तर त्या हक्काचे करायचे काय?

लेखणी आणि पाना

खरे दुखणे येथे आहे. आम्ही पांढरपेशांनी लेखणी आणि पाना यांच्यात एक भिंत उभी केली. मुलाने इंजिनिअर व्हावे. पण त्याच्या नखांत ग्रीस दिसू नये, अशी आमची इच्छा. ज्याच्या हाताला यंत्राची भाषा कळते, त्या मेस्त्रीला आम्ही 'अरे-तुरे' करतो आणि जो संगणकावरील आकडा वाचून दाखवतो, त्याला 'सर' म्हणतो. आमच्या त्या वृद्ध मेस्त्रींचा मुलगा आज या धंद्यात नाही. "मान नाही, साहेब," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या बोटांतील पन्नास वर्षांची विद्या कोणत्याही पुस्तकात उतरलेली नाही. ती त्यांच्याबरोबरच जाईल. गाड्या मोडीत गेल्याचे दुःख मला नाही; ही विद्या मोडीत निघते आहे, याचे आहे.

माझ्या कन्येने अठराव्या वर्षी चाक बदलायला शिकून घेतले. परवा रात्री पुण्याहून येताना तिची गाडी पंक्चर झाली; वीस मिनिटांत चाक बदलून ती पुढे निघाली. घरी आल्यावर तिने हात धुतले आणि जेवायला बसली. तिला त्यात सांगण्यासारखे काही वाटले नव्हते. मला मात्र फार समाधान वाटले.

येत्या खंडेनवमीला हार जरूर घाला. पण त्याआधी घरातील मुलांना हाक मारा, बॉनेट उघडा, जुन्या सुती फडक्याने ती पट्टी पुसा आणि ऑइल कुठवर आहे ते त्यांनाच वाचायला सांगा. शस्त्रपूजा पूर्वी शस्त्र परजणाऱ्याच्याच घरी होत असे. आपल्या दाराशी उभ्या असलेल्या यंत्राची पूजाही त्याचे मन ओळखणाऱ्या हातांनीच व्हावी.