निदान हा दाखला आहे, डाग नव्हे



मूल वर्गात एका जागी बसत नाही, सवंगड्यांच्या अंगावर धावून जाते, अथवा कोणाशी बोलतच नाही, अशा तक्रारी शाळेतून येऊ लागल्या की आईबापांची झोप उडते. पुढे एखादा डॉक्टर त्या वर्तनास नाव देतो: स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता. त्या क्षणी त्यांच्या मनात दोन भावना एकदमच उभ्या राहतात. ‘आमच्या संगोपनात खोट नव्हती’ हा दिलासा, आणि ‘हे नाव आता पोराच्या कपाळी कायमचे बसले’ हे भय. ह्यांपैकी एकही भावना खोटी नाही. परंतु निर्णय कोणत्या भावनेच्या हाती द्यावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

भयाचे कारण आपणा रत्नागिरीकरांस सांगावयास नको. शासनाच्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या शहरात आहे, आणि रोग्यास बरे करण्यासाठी उभारलेल्या ह्या संस्थेचे नाव लोकांनी टवाळीस वापरले. कायद्याची भाषाही निराळी नव्हती. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणाचा शिक्का होता, आणि त्याची जागा घेणारा कायदा संमत होण्यास १९८७ साल उजाडले.

दोषाचे खापर तर नेहमी आईच्याच माथी फुटते. कोणी म्हणतो लाडाने बिघडविले, कोणी पूर्वजन्मीचे पाप काढतो. हे केवळ अडाण्यांचेच काम आहे असे मानू नका. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर ह्यांनी स्वमग्न मुलांचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर कित्येक वर्षे तेथील विद्वानही आईच्या थंडपणास दोष देत राहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञाने त्या मताचे खंडन केले. तो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता.

आता आपल्या अनुभवाकडे वळा. दुसऱ्याने लादलेले नाव किती जाळते, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. परंतु दाखला म्हणजे काय, हेही आपण जाणतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळण्यास १९९० ची दुरुस्ती व्हावी लागली. त्या दाखल्यावर पूर्वीच्या जातीचे नाव येतेच. म्हणून तो हातात घेणारा मनाने त्या जातीत परत जात नाही. हक्क मिळविण्यापुरता तो कागद आहे. निदानाकडेही ह्याच दृष्टीने पाहावे.

त्या कागदाने काय मिळते? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत येतात. दिव्यांगत्व चाळीस टक्के वा अधिक प्रमाणित झाल्यास सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अशा व्यक्तीस चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. अतिचंचलतेचे नाव मात्र त्या यादीत नाही. तरी अशा मुलाचे रक्षण शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा करतो. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यास शाळेतून काढता येत नाही. मारणे वा मानसिक छळ करणे ह्यांस बंदी आहे.

तथापि प्रत्येक शिक्का मुकाट्याने स्वीकारा, असे माझे सांगणे नाही. शिक्षकाची तक्रार म्हणजे निदान नव्हे. अतिचंचलता ठरविताना ती लक्षणे निदान सहा महिने, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत. ज्या मुलास फळा दिसत नाही, ऐकू कमी येते, वा जे उपाशी वर्गात बसते, तेही ‘लक्ष देत नाही’ असेच दिसते. वस्तीतले पोर म्हणून त्यास उनाड ठरविणारे डोळेही असतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट बजावतो की, सामाजिक दर्जा वा धर्म ह्यांच्या आधारे कोणास मानसिक आजारी ठरविता येणार नाही. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज आजारी म्हणता येणार नाही. आणि आजाराचे निदान झाले म्हणून कोणी आपोआप वेडा ठरत नाही, तो निर्णय न्यायालयाचा आहे. उपचाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्कही त्यात आहे.

म्हणून आईबापहो, डॉक्टरांस निर्भयपणे विचारा: हे नाव कशावरून दिले? डोळे व कान तपासले काय? पुढे काय करावयाचे? पुन्हा तपासणी केव्हा? २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांत येतात. त्यांच्यापासून मूल लपवू नका. कागद घरी नीट जपा आणि शाळेस हवा तेवढाच दाखवा. घरात मात्र मुलास त्याच्या नावानेच हाक मारा. ‘हा तसा आहे’ हे वाक्य त्याच्यासमोर कोणासही उच्चारू देऊ नका, आजीआजोबांनाही नाही.

लाजेने लपविलेल्या मुलाचे हक्क कोणी घरी आणून देत नाही. ते मागावे लागतात, आणि मागण्यासाठी निदानाचा कागद हाती असावा लागतो.