कार्बनचा टनही काट्यावर तोलून घ्या



बगॅसवर वीज करा, पाचट जाळू नका, कार्बन क्रेडिटचे पैसे येतील, असे हल्ली गावोगाव ऐकू येते. याविषयी आम्ही आमचे मत मोकळेपणाने मांडत आहोत.

मूळ कल्पना सरळ आहे. धूर जर्मनीत कमी झाला काय अन् कोल्हापुरात झाला काय, हवेला सारखेच. मग जिथे टन स्वस्तात कमी होतो तिथे तो करावा आणि श्रीमंत देशाने पैसे द्यावेत. १९९७ च्या क्योटो कराराने ही सोय केली. आपल्या देशातील कित्येक साखर कारखान्यांचे वीज प्रकल्प तीत नोंदले गेले.

परंतु हे स्वस्त पडले का? शीतकरणाचा गॅस बनवताना एचएफसी-२३ नावाचा घातक वायू निघतो. तो नष्ट केल्याबद्दल कारखान्यांना क्रेडिट मिळाले. मायकेल वारा या अभ्यासकाने २००७ साली हिशेब मांडला: खर्च सुमारे १० कोटी युरो, क्रेडिटची किंमत ४७० कोटी युरो! पुढे २०१६ मध्ये भारत सरकारने हा वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला. जे काम हुकुमाने होते, त्याला बाजाराने सोन्याचा भाव दिला होता.

दुसरी गोष्ट मापाची. जो प्रकल्प क्रेडिटशिवायही उभा राहिलाच असता, त्याचा टन पोकळ. त्या कागदावर खरेदीदार आपला धूर चालू ठेवतो. हे आपल्यालाही लागू आहे. झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोळीत वाढे-माती बांधून वजन वाढते, उतारा वाढत नाही!

तिसरी गोष्ट भावाची. २००८ मध्ये टनाला २० युरोंच्या वर गेलेला भाव २०१२ अखेर एका युरोच्या खाली आला. या पैशावर कर्जाचे हप्ते बांधणे म्हणजे ढगाकडे बघून पाणीपाळी ठरवणे.

२०२३ साली केंद्र सरकारने देशातच कार्बन व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे. तेव्हा आमचे स्पष्ट म्हणणे असे: प्रकल्पाचा हिशेब विजेच्या दरावरच बसला पाहिजे. क्रेडिट मिळाले तर तो वरकड पैसा समजावा आणि त्याचा जमाखर्च वार्षिक सभेपुढे यावा. पाचटाच्या करारावर सही करण्यापूर्वी मुदत किती, वाटा किती, माप कोण घेणार, हे प्रत्येकाने विचारावे.

खोट्या काट्यावर स्वस्त मिळालेला माल शेवटी महागच पडतो.