सुटकेनंतरचे सिंह

पेरू आणि कोलंबियातल्या सर्कशींतून सोडवलेले ३३ सिंह २०१६मध्ये विमानाने दक्षिण आफ्रिकेतल्या अभयारण्यात पोहोचले. अनेकांची नखं उपटलेली, दात मोडलेले. शिकार त्यांना जमणारच नव्हती. म्हणजे हे जंगलात सोडणं नव्हे, कुंपणाआडचा, मरेपर्यंतचा आणि खर्चिक सांभाळ आहे. तोच पैसा रानातल्या सिंहांवर का खर्चू नये, हा आक्षेप रास्तच. पण जप्त केलेलं जनावर ठेवायला जागा नसेल, तर बंदीचा कायदा कागदावरच राहतो. बोलिव्हियाने २००९मध्ये सर्कशींत प्राण्यांना बंदी केली. ती अमलात आली, कारण तिथले २५ सिंह २०११मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हलवता आले. अर्थात, जागा मिळाली की जबाबदारी संपली असं नाही. २०१७मध्ये त्या ३३पैकी दोघांना चोरट्या शिकाऱ्यांनी मारलं. राखणीचा खर्च पहिल्या दिवसापासूनच हिशेबात धरायला हवा.