कडबाकुट्टीला पाच एचपीच कशाला?



कडबाकुट्टीची मोटर जळाली की एकच सल्ला मिळतो, "तीनची काढा, पाचची बसवा." मला हा सल्ला पटत नाही. खर्च वाढतो आणि मोटर जळण्याचं कारण बऱ्याचदा तसंच राहतं.

कुट्टीचं चाक जड. ते वेगात येईपर्यंत मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. काही सेकंदांत चाक वेगात आलं तर ठीक, नाहीतर वायंडिंग तापतं. त्यात आपलं व्होल्टेज! शिवारातले सगळे पंप एकदम चालू झाले आणि 415 ऐवजी 330 मिळालं, तर मोटरचा सुरुवातीचा जोर साधारण 63 टक्केच उरतो. म्हणून चारा न टाकता मोटर चालू करा, चाक पूर्ण वेगात आल्यावरच पेंढी सरकवा.

खरी गडबड पुलीत असते. 1440 आरपीएमची मोटर, तिच्यावर 4 इंची पुली, चाकाला 12 इंची, तर चाक मिनिटाला 480 फेरे घेतं. कुट्टी लवकर व्हावी म्हणून आपण मोटरवर 6 इंची पुली टाकतो. फेरे होतात 720, म्हणजे दीडपट. पण चाक तेवढ्या वेगात आणायला ताकद लागते सव्वादोन पट! यात एचपीचा काय दोष? आणि त्याच पुलीवर 2880 ची मोटर तर कधीच लावू नका. वेग दुप्पट होतो, पातं सुटलं तर जिवावर बेततं.

पात्याला धार आहे, फेरे यंत्रावर लिहिलेत तेवढेच आहेत, व्होल्टेज बरं आहे, तरीही चारा टाकताना करंट मोटरच्या प्लेटवरच्या आकड्याच्या वर राहतो का? वायरमनकडून क्लॅम्प मीटरने मोजून घ्या. राहत असेल तर मोठी मोटर घ्याच, तिथे काटकसर नको. स्टार्टरचा ओव्हरलोड रिलेही प्लेटवरच्या करंटलाच सेट करा. सारखा ट्रिप होतो म्हणून काहीजण तो वाढवून ठेवतात, मग तो असून नसल्यासारखाच.

मोटर बदलायचा विचार असेल तर मोटरच्या आणि यंत्राच्या प्लेटचा फोटो व दोन्ही पुल्यांची मापं याच नंबरवर पाठवा. बघून सांगतो.