दगडावरची पावती



लातूरला आमच्या वस्तीतल्या विहाराचे बांधकाम पूर्ण झाले, तेव्हा दाराशी देणगीदारांची संगमरवरी पाटी बसवली. नावे कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो. म्हणून पाच हजार व त्यापुढे देणाऱ्यांचीच नावे घ्यायची असे ठरले. हिशेब माझ्याकडे, म्हणून यादीही मीच केली. अधिकारी, कंत्राटदार, पदाधिकारी अशी ती पाटी झाली.

आठवड्याने एका मावशीने नातवाकडून ती पाटी वाचून घेतली. मावशी दालमिलमध्ये डाळ निवडायला जाते. तिने मला विचारले, "भाऊ, माझं नाव कुठं हाय ह्याच्यात?" तिने दोन दिवसांची मजुरी दिली होती. स्लॅबच्या दिवशी घमेली वाहिली होती. मी म्हणालो, "मावशी, तुमची पावती आहे की." ती म्हणाली, "पावती माझ्या डब्यात हाय. भिंतीवर काय हाय?"

मला उत्तर देता आले नाही. पण आपल्या पूर्वजांनी ते दोन हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि तेही आपल्या मराठवाड्यात.

कन्नड तालुक्यात सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या खांबांवर धम्मलिपीत छोटे छोटे लेख आहेत. एका खांबावर लिहिले आहे, की हा खांब पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवाचे दान आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. दुसरा खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दिला. मागिल नावाच्या राजवैद्याचे दान आहे आणि त्याच्या मुलीचेही आहे. ती नुसती 'वैद्याची मुलगी' म्हणून राहिलेली नाही, 'दता' हे तिचे स्वतःचे नाव दगडावर आहे. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचेही नाव आहे. म्हणजे देणाऱ्याचे नाव राहिले, तसे राबणाऱ्याचेही राहिले.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याला गेलात तर चैत्यातले खांब नीट पाहा. धेनुकाकट गावच्या लोकांनी एकेक खांब दिलेला आहे. त्यांत काही जण स्वतःला 'यवन' म्हणवतात. ग्रीकांना आणि पश्चिमेकडून आलेल्या लोकांना तेव्हा यवन म्हणत. त्याच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव चैत्याच्या दाराशी आहे. यवन असो की सुगंधी विकणारा असो, शेवटी शब्द एकच, 'दानं'. तुमच्यापेक्षा माझे दान मोठे, असे मितदेवाच्या खांबावर कुठे लिहिलेले नाही.

अशी रीत इतर धर्मांतही होती. इस्रायलमध्ये मगिद्दो येथे एका तुरुंगाच्या आवारात २००५ साली ख्रिस्ती लोकांचे फार जुने प्रार्थनास्थळ सापडले. ते तिसऱ्या शतकातले मानले जाते. त्याच्या जमिनीवर रंगीत खड्यांची नक्षी आहे आणि तिच्यात ग्रीक अक्षरे बसवली आहेत. गायानस नावाच्या रोमन सैनिकी अधिकाऱ्याने स्वखर्चाने ही जमीन करवली, ब्रूटियसने काम केले, अकेप्तूस नावाच्या बाईने मेज दिले, अशी नोंद आहे. शिवाय चार स्त्रियांची आठवण ठेवा, असे सांगून त्यांची नावे दिली आहेत. पुढच्या काळातल्या काही ग्रीक लेखांत तर देणाऱ्यांची नावेच नाहीत. 'ज्यांची नावे देव जाणतो त्यांचे हे दान' एवढेच लिहिलेले असते.

हे वाचून मी थबकलो. त्यांचे ठीक आहे, नावे लक्षात ठेवायला त्यांना देव आहे. आपण देव मानत नाही. मग मावशीचे नाव कोण लक्षात ठेवणार? आपणच ठेवले पाहिजे.

मी बी.कॉम. झालेला कारकून, म्हणून नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतला एक लेख मला फार आवडतो. शक राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण दिले. त्यांतले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. म्हणून त्याला अक्षयनीवी म्हणतात. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे ठरले. आता हिशेब करा. २००० चे महिन्याचे व्याज २०, वर्षाचे २४०. वीस भिक्खूंचे प्रत्येकी १२, म्हणजेही २४०. पैचाही फरक नाही! उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण टक्क्याने ठेवले. हा सारा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला, त्याची रीतसर नोंद केली आणि मग दगडावर कोरला. जो येईल त्याने वाचावे आणि ताडून पाहावे.

काही जण म्हणतील, दान करायचे तर नाव कशाला हवे? अहंकार वाढतो. मान्य आहे. मग कोणाचेच नाव लिहू नका. पण पाच हजारवाल्याचे लिहायचे आणि मजुरीवाल्याला निरहंकार शिकवायचा, हा न्याय नव्हे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग द्यायला सांगितले. त्यांनी रक्कम सांगितली नाही, भाग सांगितला. अधिकाऱ्याचा विसावा भाग आणि डाळ निवडणाऱ्या बाईचा विसावा भाग बाबासाहेबांच्या हिशेबात सारखाच. पाच हजारांची रेघ मी ओढली होती. ती चूक माझी आहे.

पुढच्या बैठकीत मी तसे कबूल केले आणि तीन सूचना मांडल्या. पावतीपुस्तकातले प्रत्येक नाव भिंतीवर यावे. संगमरवर परवडत नसेल तर ऑइलपेंटने लिहू, वस्तीतल्या पोरांचे अक्षर चांगले आहे. दुसरे, बाईचे दान असेल तर तिचेच नाव लिहावे, 'अमक्याची पत्नी' म्हणून नव्हे. ज्यांनी श्रमदान केले त्यांचेही लिहावे. तिसरे, जमाखर्च दरवर्षी बुद्धपौर्णिमेला सर्वांसमोर वाचून दाखवावा. थोडी कुरकुर झाली. एकाने विचारले, एवढी नावे वाचणार कोण? मी म्हणालो, मावशीचा नातू वाचेल.

ठराव मंजूर झाला आहे. रंगाचे डबे आणले आहेत. येत्या रविवारी नावे लिहायला सुरुवात करू.

वाचकहो, तुमच्या विहाराची पाटीही एकदा वाचून पाहा. तिच्यावर कोणाचे नाव नाही, ते आधी पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!