पंधरा मिनिटांची डुबकी, वर्षभराची चूल : सणाच्या हंगामात मालवणच्या स्कुबाचं गणित कुठे चुकतं?

मालवण : भाऊबीज आटोपली की घाटावरच्या गाड्या आंबोली, फोंडा घाटातून खाली उतरू लागतात. दिवाळीची गर्दी ओसरते न ओसरते तोच नाताळ येतो आणि ३१ डिसेंबरपर्यंत तारकर्ली, देवबाग, वायरीत खोली मिळणं मुश्किल होऊन बसतं. या गर्दीत एक जोडी हमखास दिसते. लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेली, दोघांच्या रजा कशाबशा जुळवून आलेली, हातात दोन-तीन दिवस. किल्ला बघायचा, मालवणी थाळी जेवायची आणि स्कुबा करायचा, एवढा बेत ठरलेला. पाण्याखाली दोघांनी हात धरून काढलेला व्हिडिओ घरी नेला की सहल सार्थकी लागली.

या पंधरा-वीस मिनिटांच्या डुबकीवर आज मालवण तालुक्यातल्या किनारपट्टीवरची कितीतरी घरं चालतात. म्हणूनच गर्दीच्या याच आठवड्यांत ती डुबकी कशी विकली जाते आणि कशी दिली जाते, हा प्रश्न पर्यटकांपेक्षा गावाच्या जास्त जवळचा आहे.

जाळ्याकडून सिलिंडरकडे

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पण किनाऱ्यावरच्या माणसाला पर्यटनाचा पैसा दिसायला त्यानंतरही बराच काळ गेला. तोवर समुद्र म्हणजे मासळी. पुढे पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमारांचा वाद पेटला, रापणीला पूर्वीसारखी मासळी लागेना. डिझेल आणि जाळ्यांचा खर्च मात्र वाढतच गेला. अशा वेळी तांडेलाच्या घरातली पुढची पिढी स्कुबाकडे वळली, यात नवल नाही. पोहणं अंगात होतं. खडक कुठे, प्रवाह कुठे, हे बापाने शिकवलेलं होतं. पर्यटन महामंडळाने तारकर्लीत स्कुबा प्रशिक्षणाची संस्था काढली, सरावासाठी खोल तलाव बांधला. तिथून शिकून काही तरुण व्यावसायिक डायव्हर झाले.

एका जोडप्याच्या सहलीवर किती हात चालतात ते मोजून बघा. न्याहारी निवासाची खोली, सकाळचे घावणे, होडीवाला, पाण्यात उतरवणारा मार्गदर्शक, सिलिंडर भरणारा, व्हिडिओ काढणारा, दुपारची सुरमईची थाळी, रिक्षा, जाताना घेतलेलं कोकम आगळ आणि काजू. पैसा गावात फिरतो. हा धंदा नको असं किनाऱ्यावर कुणीही म्हणणार नाही.

अडचण हंगामाच्या आकाराची आहे. पावसाळ्यामुळे जलपर्यटन २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतं. कागदावर नऊ महिने उरतात, पण खरी कमाई दिवाळी, नाताळ ते नवीन वर्ष आणि उन्हाळ्याची सुट्टी या तीन तुकड्यांतच होते. बोटीचं कर्ज, इंजिनाची दुरुस्ती, पोरांची फी, सगळं या मोजक्या आठवड्यांत उभं करायचं. त्यात एसटी स्टँडपासून जेटीपर्यंत 'स्कुबा करणार का' म्हणून गाडीमागे धावणारे दलाल. दलालाचं कमिशन वाढतं, पर्यटक भाव पाडून मागतो आणि शेजारचा शंभर रुपयांनी कमी सांगतो. मग पॅरासेलिंग, बनाना राइड, स्कुबा सगळं मिळून एकच पॅकेज होतं. दर खाली गेला की कुठेतरी काटछाट होणारच. ती होडीच्या डिझेलात करता येत नाही. ती होते सूचना देण्याच्या वेळेत, माणसांच्या संख्येत आणि सामानाच्या देखभालीत.

'पंधरा-वीस फूटच तर जायचंय'

पहिल्यांदा डुबकी मारणाऱ्याला हमखास ऐकवलं जाणारं वाक्य हे. ऐकून धीर येतो, पण ते अर्धंच खरं आहे.

समुद्रात दर १० मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो आणि हवेचं आकारमान निम्मं. २० मीटरवरून ३० मीटरवर जाताना होणारा बदल त्या मानाने कमी असतो. दाबातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच बसतो आणि नवख्यांची डुबकी नेमकी तिथेच असते. कान दुखणं हा त्याचाच परिणाम. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची आणि कानातला दाब सारखा करायचा, हे खाली उतरतानाच, दुखायच्या आधीपासून करावं लागतं. सर्दी झालेली असेल तर ते जमत नाही. अशा वेळी जोर लावला तर पडद्याला इजा होऊ शकते.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा आहे : पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. घाबरलेला माणूस छातीत हवा भरून, श्वास धरून वर झेपावतो. वर येताना दाब कमी होतो आणि फुप्फुसातली हवा फुगते. दोन मीटर खोलीवरूनसुद्धा असं वर येणं फुप्फुसाला इजा करू शकतं. म्हणून 'उथळ आहे, काही होत नाही' हे मनातून काढून टाकायला हवं. मार्गदर्शक हात धरून असला तरी श्वास पर्यटकालाच घ्यायचा असतो.

या दोन गोष्टी समजावून सांगायला, उथळ पाण्यात श्वासाचा आणि खुणांचा सराव करून घ्यायला अर्धा तास तरी लागतो. गर्दीच्या दिवशी पुढची बॅच होडीत येऊन बसलेली असते आणि नेमका हाच अर्धा तास पाच मिनिटांवर येतो.

आरोग्याच्या फॉर्मचंही तेच. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची शस्त्रक्रिया, नियंत्रणात नसलेला रक्तदाब यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पाण्यात उतरायचं नसतं. गरोदरपणात तर डायव्हिंग टाळायलाच सांगतात. नवविवाहित जोडप्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो म्हणून तो गाळला जातो. छापील फॉर्म हातात दिला की संकोच राहत नाही. मात्र तो वाचायला वेळ द्यावा लागतो, 'इथे सही करा' एवढं म्हणून भागत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री जागून, दारू पिऊन सकाळी सात वाजता जेटीवर हजर होणाऱ्यालाही 'आज नको' असं सांगता आलं पाहिजे.

अपघात पाण्याखाली झाला नव्हता

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. हंगाम बंद व्हायला अवघे दोन दिवस उरले होते. त्या दिवशी सिलिंडर फुटला नाही की कुणी खोल पाण्यात अडकलं नाही. दुर्घटना परतीच्या वाटेवर, पाण्याच्या वर घडली.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. स्कुबाची सुरक्षा म्हटली की सगळ्यांचं लक्ष सिलिंडर आणि मास्ककडे जातं. पण त्या पंधरा मिनिटांच्या आधी आणि नंतर होडीचा प्रवास असतो. होडीत किती माणसं बसवली, लाइफ जॅकेट अंगावर आहे की बाकाखाली, भरती-ओहोटीची वेळ कोणती, वारा कुठून सुटलाय, या गोष्टी डुबकीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. बोटींच्या परवान्यांसाठी सागरी मंडळ आणि बंदर विभाग आहे. नियम कमी नाहीत. प्रश्न आहे तो गर्दीच्या दिवशी जेटीवर माणसं मोजायला कोण उभं असतं, हा.

काही अघटित घडलंच तर मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, पुढच्या उपचारांसाठी ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. सणाच्या दिवसांत रस्ता गाड्यांनी तुंबलेला असतो. होडीवर ऑक्सिजनची बाटली आणि ती वापरता येणारा माणूस असणं किती गरजेचं आहे, हे यावरून कळावं.

'आज पाणी नाही' म्हणणारा खरा व्यावसायिक

दिवाळीत आलेल्या अनेकांची तक्रार असते की व्हिडिओत निळंशार दिसणारं पाणी प्रत्यक्षात हिरवट, गढूळ होतं. त्यात फसवणूक असतेच असं नाही. कर्ली आणि गड नद्यांनी पावसाळ्यात आणलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर पाणी पुरतं निवळलेलं नसतं. डिसेंबर-जानेवारीत ते स्वच्छ होतं. हे बुकिंग घेतानाच सांगितलं तर गिऱ्हाईक तुटत नाही, उलट पुढच्या वर्षी तोच माणूस फोन करतो.

हवामानाचंही तसंच. अरबी समुद्रात पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात वादळं होतात. २०१९ च्या दिवाळीत 'क्यार' चक्रीवादळामुळे समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या वस्त्यांपर्यंत आलं होतं. २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी' आलं. म्हणजे गर्दीचा काळ आणि वादळाचा काळ एकच. अशा दिवशी पर्यटक म्हणतो, 'आम्ही एवढ्या लांबून आलो, परत कधी येणार?' या वाक्याला नकार देणं सोपं नसतं, कारण नकाराबरोबर दिवसाची कमाई जाते. बुकिंग पुढे ढकलण्याची किंवा पैसे परत करण्याची पद्धत सगळ्या व्यावसायिकांनी मिळून ठरवली, तर एकट्या होडीवाल्यावर तो भार येणार नाही. आज एकाने नकार दिला की दुसरा नेतो. तिथेच सगळं फसतं.

प्रवाळावर पाय

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिकांचा त्याला विरोध राहिला आणि तो समजण्यासारखा आहे. पण ज्या खडकांवरचं प्रवाळ आणि रंगीत मासे पाहायला लोक येतात, ते खडक आता मच्छीमाराच्याच पोराचं भांडवल आहेत. प्रवाळ दगडासारखं दिसतं, प्रत्यक्षात तो जिवंत प्राण्यांचा समूह आहे. त्याचे गोलसर, भरीव प्रकार वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे नवख्या पर्यटकाला फोटोसाठी ज्यावर टेकवलं, नांगर टाकून जे फोडलं, ते भरून यायला दहा-वीस वर्षं जातात.

ब्रेड किंवा बिस्किटाचा चुरा टाकून मासे गोळा करण्याचंही तसंच. व्हिडिओ छान येतो. पण खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारे मासे ब्रेडच्या मागे लागले, तर तोटा खडकाचाच. नांगराऐवजी कायम बांधलेले बोये, त्यांनाच होड्या लावण्याची शिस्त आणि एका जागी एका वेळी ठरावीकच माणसं, एवढं केलं तरी बराच फरक पडेल. निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका 'गुलदार' पाण्याखाली ठेवून नवं आकर्षण उभं करण्याची योजना आहे. त्यामुळे जुन्या खडकांवरचा भार हलका होऊ शकेल. पण जहाज बुडवलं म्हणून शिस्त आपोआप येत नाही.

जोडप्याने विचारायचे प्रश्न

पर्यटकाच्या हातातही बरंच आहे. भाव करण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात. पाण्यात माझ्याबरोबर एक स्वतंत्र मार्गदर्शक असेल का? त्याचं प्रशिक्षण कुठलं? आधी उथळ पाण्यात सराव मिळेल का? होडीचा परवाना किती माणसांचा आहे? सिलिंडरची दाबचाचणी कधी झाली? शेवटच्या प्रश्नाची तारीख सिलिंडरवरच ठोकलेली असते. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठावं. कमी पैशांत उरकणाऱ्याकडे जाऊन वर पुन्हा सुरक्षितता नाही म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

परतीचा विचारही आधीच करावा. डायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमानप्रवास टाळायचा असतो. चिपी किंवा मोपाहून त्याच संध्याकाळचं विमान पकडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आंबोलीही समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. उथळ, थोडक्यात आटोपलेल्या एका डुबकीनंतर धोका फारच कमी असतो, तरी स्कुबा पहिल्या दिवशी आणि घाट दुसऱ्या दिवशी, असा बेत केलेला बरा. गावालाही त्याचा फायदाच : जोडपं एक रात्र जास्त राहतं.

दिवाळी पाडव्याला देव रामेश्वर-नारायणाची पालखी निघते तेव्हा मालवणात समुद्रावर पोट असलेली सगळी माणसं देवापुढे गाऱ्हाणं घालतात. दर्याने सांभाळून घ्यावं, एवढंच मागणं असतं. दर्या त्याच्या रीतीने वागतो. होडीत चार माणसं कमी घ्यायची, अर्धा तास जास्त शिकवायचं आणि वारा फिरला की गिऱ्हाईक परत पाठवायचं, एवढं मात्र किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात आहे. एका वाईट बातमीने अख्खा हंगाम कसा बसतो, हे मालवणने २०२२ मध्ये पाहिलं आहे. येणाऱ्या नाताळात जेटीवर त्याची आठवण राहिली, तर मे महिन्यापर्यंत चुली पेटत्या राहतील.