दिसणारी शिल्लक, न दिसणारी तिजोरी

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध लादले आणि दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या विजयनगर शाखेबाहेर ठेवीदारांची गर्दी लोटली. ठेवीतून एक पैसाही काढता येणार नाही, असा तो आदेश होता. आदल्या दिवशी पासबुकात जी शिल्लक होती तीच दुसऱ्या दिवशीही होती. नाहीसा झाला होता तो तिच्यावरचा ठेवीदाराचा अधिकार.

पंधरा-वीस वर्षांत उपनगरांतील कुटुंबांचा बँकेशी असलेला संबंध पार बदलून गेला आहे. बोरिवलीहून चर्चगेटला जाणारा कारकून लोकलमध्ये उभ्या उभ्या पगार जमा झाल्याचे पाहतो, विजेचे बिल भरतो, मुलाच्या शिकवणीचे पैसे पाठवतो. या सोयीला नाके मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून पासबुक भरून घेण्याचे दिवस फार रम्य होते असे ज्यांना वाटते, त्यांनी ती रजा कधी टाकली नसावी. तथापि या सोयीबरोबर एक समजूतही घराघरांत शिरली आहे : आपला पैसा आपल्याला क्षणोक्षणी दिसतो, म्हणून तो सुरक्षित आहे. ही समजूत किती पोकळ आहे ते त्या फेब्रुवारीत दिसून आले.

रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांतील रोकड मोजली गेली तेव्हा १२२ कोटी रुपये कमी भरले. पाचशेच्या नोटांत मोजले तरी या रकमेच्या २४ लाख ४० हजार नोटा होतात. एवढा कागद एका रात्रीत कोणाच्या पिशवीतून जात नाही. पुस्तकात मात्र रोकड शिल्लक होतीच. बँकांत अंतर्गत तपासणी असते, समवर्ती लेखापरीक्षण असते, वैधानिक लेखापरीक्षण असते. या साऱ्या चाळण्यांतून १२२ कोटींचे भोक सुखरूप पार झाले. गुन्ह्याचा निवाडा न्यायालय करील. आमचा प्रश्न निराळा आहे. ठेवीदाराला आपल्या खात्यातील दहा रुपयांची हालचाल तत्काळ कळते. मग बँकेच्या तिजोरीची हालचाल त्याला सर्वांत शेवटी, आणि तीही दाराला लावलेल्या सूचनेवरून का कळावी?

या बँकेविषयी लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते. १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने ती ‘बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक’ या नावाने उभी राहिली. श्रमिकाची बचत श्रमिकाच्याच कामी यावी, हा तिच्यामागचा विचार होता. त्याच विचाराच्या घरात हे घडावे याची लाज वाटणाऱ्यांनी तरी ते झाकून ठेवू नये.

आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. भांडुपमध्ये मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले तेव्हा प्रत्येक ठेवीदाराला प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती, आणि ते लपविण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविल्याचा आरोप पोलिसांकडील तक्रारीत होता. येथे संगणकाने सत्य उघड केले नाही. तो असत्य नीटनेटके मांडण्याच्या कामी आला. जुन्या सावकाराला निदान दोन वह्या हाताने लिहाव्या लागत. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरील ठेवी असलेल्यांना उरलेल्या पैशांसाठी दहा वर्षांपर्यंतची मुदत दाखविण्यात आली. सत्तरीतल्या पेन्शनराने ही मुदत कशी मोजावी?

न्यू इंडियाचे ठेवीदार त्या मानाने सुदैवी ठरले. २७ फेब्रुवारीपासून पंचवीस हजारांपर्यंत रक्कम काढण्याची परवानगी मिळाली आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. ठेव विम्याची मर्यादाही २०२० पासून पाच लाख आहे. त्यापूर्वी १९९३ पासून ती एक लाखावरच अडकून पडली होती. परंतु विमा हा अपघातानंतरचा उपचार होय.

दरम्यान जागरूकतेचा सारा उपदेश ठेवीदारालाच केला जातो. ओटीपी कोणाला सांगू नका, खाते रोज पाहा, फसवणूक होताच १९३० क्रमांकावर कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा अशा प्रकरणात बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर तोशीस पडत नाही. ग्राहकाचाच हलगर्जीपणा असेल तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचे. नियम गैर नाही. पण मुलुंडच्या आजोबांनी तीन दिवसांत चूक पकडावी आणि लेखापरीक्षकांना मात्र गहाळ रोकड दिसू नये, ही जबाबदारीची वाटणी कोणत्या न्यायाची?

मुळात सहकारी बँकेत मत भागधारकाला असते, नुसत्या ठेवीदाराला नसते. कर्ज घेणाऱ्याला मात्र भाग घ्यावेच लागतात, अशीच रीत चालत आली आहे. परिणामी पैसा ज्याचा तो सभेबाहेर आणि पैसा ज्याने उचलला तो सभागृहात, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. ठेवीदारांचे निवडून आलेले प्रतिनिधी संचालक मंडळावर असावेत, ही मागणी सहकाराच्या तत्त्वाला धरूनच आहे.

तोवर एक गोष्ट सहज होण्याजोगी आहे. ज्या ॲपवर ठेवीदार आपली शिल्लक पाहतो, त्याच ॲपवर बँकेची एकूण रोकड आणि ती शेवटची कोणी व कोणत्या तारखेस मोजली हे दर आठवड्याला मराठीतून दिसावे. थकीत कर्जांचे प्रमाण आणि सर्वांत मोठ्या कर्जदार समूहाकडे गेलेला एकूण कर्जातील वाटा दर तिमाहीस दिसावा. अशा माहितीने घबराट पसरेल असे बँकवाले म्हणतील. शाखाशाखांची रोकड जाहीर केली तर चोरांचे फावेल, हेही ते म्हणतील, आणि ते खरे आहे. म्हणूनच आम्ही शाखावार आकडा मागत नाही, साऱ्या बँकेचा मागतो. घबराटीचे म्हणाल, तर विजयनगरला जी झाली ती माहिती दिल्यामुळे झाली नव्हती. सहकारी बँकांच्या ज्या वार्षिक सभा यापुढे भरतील, त्यांत वाचकांपैकी जे भागधारक असतील त्यांनी हा ठराव लेखी द्यावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाल्याचे तपासून घ्यावे.